धाकट्याला कोणी विचारलेच नाही

मित्रांनो, माझ्या खोलीत येणारी माणसे बहुधा आपला आवाज ठेवून जायला आलेली असतात. त्यांच्या घशाचे ऑपरेशन ठरलेले असते आणि त्यानंतर बोलता येणार नसते. म्हणून ती आधी इथे येतात, जाड पडद्यांच्या या छोट्या खोलीत बसून वाक्यांमागून वाक्ये वाचतात आणि तो आवाज माझ्या स्वाधीन करतात. पुढे ती नुसती अक्षरे टाइप करतात आणि मी ती त्यांच्याच आवाजात बोलतो. मी एक जुना संगणक आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कोणाचा पाय लागू नये म्हणून टेबलाखाली भिंतीकडे सरकवून ठेवलेला. इथे मला सगळे 'बोलक्या' म्हणतात.

मला डोळे नाहीत. टेबलावरचा मायक्रोफोन हा माझा कान आणि भिंतीवरचा स्पीकर हे माझे तोंड. मी काय बोलणार ते मला आधी ठाऊक असते. पण कोणाच्या आवाजात बोललो, हे मात्र बोलून झाल्यावर माझ्याच कानावर पडते तेव्हा कळते. बरीच वर्षे यात मला काही वावगे वाटले नव्हते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला दोन प्रोसेसर बसवले होते, एका साच्यातून काढलेले. प्रोसेसर म्हणजे आम्हा संगणकांचा मेंदू. काम आले की कर्नल ते दोघांत वाटून देई. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी आतला भाग. मला सुरू केले की सर्वांत आधी तो जागा होतो आणि घरातल्या कर्त्या माणसासारखा चौकशी करत फिरतो. स्मृती किती आहे? पंखा चालतो का? प्रोसेसरला काय काय येते? उत्तर मिळाले की काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटते. 'क्षमता सापडली.' मग पुढची. 'क्षमता सापडली.' या ओळी भराभर वर सरकतात आणि नाहीशा होतात. त्या कोणी वाचत नाही.

आधी मी नकाशे छापणाऱ्या एका कार्यालयात होतो. नद्यांची वळणे आणि डोंगरांच्या रेषा मी झरझर काढून देई. तिथले साहेब पाहुण्यांना माझ्यापाशी आणून म्हणत, "हा आमचा वाघ." पुढे नवे संगणक आले आणि वाघाची रवानगी जिन्याखाली झाली. तिथे धूळ खात पडलो, आणि ती धूळ पंख्यात बसली. रुग्णालयाने मला मागून आणले तेव्हा माझा एक प्रोसेसर जळालेला होता. दुरुस्ती करणाऱ्याने भंगारातून त्याच घडणीचा दुसरा शोधून बसवला. खाच तीच, आकार तोच. मी सुरू झालो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त हा नवा सोबती एक पिढी आधीचा होता. मी त्याला धाकटा म्हणतो, कारण तो उशिरा आला, आणि आधीपासूनच्याला थोरला.

इथली खोली चालवणारी बाई वाचाउपचार करते. तिला सगळे 'आवाजताई' म्हणतात. ती मृदू बोलते आणि बोलताना खुर्ची किंचित करकरवते. तिने माझ्याकडे कितीतरी आवाज गोळा केले. त्यांत एक होता शिंपीणताईंचा. त्या तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यासारख्या, ओठ मिटूनच बोलत. आवाज गोड, पण दमलेला. ऑपरेशननंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. त्यांचे यजमान रुग्णालयाच्याच दारातल्या दुकानात चष्मे विकत. "तो आवाज पुसू नका," एवढेच त्यांनी आवाजताईला सांगितले होते. ते कधी ऐकायला आले नाहीत. शिंपीणताई त्यांच्या कप्प्यात मुकाट पडून राहिल्या.

नंतर मास्तर आले. ते पोहायला शिकवत. उभी हयात तलावाच्या काठावरून ओरडण्यात गेलेली.

"मास्तर, जरा हळू," आवाजताई म्हणे. "मी पलीकडच्या काठावर नाहीये, समोर बसलेय."

"सवय हो!" मास्तर गरजत, आणि माझ्या कानात खरखर होई.

ऑपरेशन झाले. मास्तरांच्या गळ्याला एक छिद्र पडले आणि श्वास तिथून ये-जा करू लागला. फुस्स, फुस्स. खोलीत ते आले की मला आधी तो श्वास ऐकू येई. खिशात बाळगायला त्यांना एक छोटे यंत्र मिळाले होते, पण त्याचा आवाज पत्र्यासारखा, परका. त्यांचा स्वतःचा आवाज फक्त माझ्याकडे होता. म्हणून दर शनिवारी सकाळी ते येत, आवाजताई फोन मला जोडून देई आणि मास्तर आपल्या आईला फोन करत.

आई दूरच्या गावी एकटी राहत होती. नजर अधू, वय झालेले. ऑपरेशनाआधी तिला घाबरवायचे नाही म्हणून मास्तरांनी काही सांगितले नव्हते, आणि नंतर सांगायचे धाडस झाले नाही. तिला वाटे, मुलगा नेहमीसारखा बोलतोय.

एका शनिवारी मी कामात बुडालो होतो. आवाजताईने जुन्या आवाजांच्या प्रती काढायला लावल्या होत्या आणि थोरल्याला उसंत नव्हती. मास्तरांनी फोन लावला आणि टाइप केले, 'आई, मी बरा आहे. तू जेवलीस का?'

मी बोललो. आणि मित्रांनो, माझ्याच कानावर भलताच आवाज पडला.

"आई, मी बरा आहे," ओठ मिटून, गोड, दमलेल्या आवाजात एक बाई म्हणाली. "तू जेवलीस का?"

आवाजताईची खुर्ची करकरली आणि थांबली. मास्तरांचा श्वास थांबला. फोनवर पलीकडे कुठेतरी भांडे ठेवल्याचा आवाज झाला.

"कोण बाई तू?" म्हातारी म्हणाली. मग जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, "माझ्या मुलाचं बोलणं तू का बोलतेस?"

मास्तरांनी घाईने टाइप केले, 'आई, मीच आहे.' आणि पुन्हा तीच बाई म्हणाली, "आई, मीच आहे."

पलीकडून म्हातारीचा हुंदका ऐकू आला. मास्तरांनी फोन तोडला.

"शिंपीणताई आहेत या," आवाजताई पुटपुटली. "मास्तर, या तर गेल्या."

मास्तरांच्या लेकीला आजीचा फोन गेला. "पुढच्या शनिवारी माझ्या मुलाचा आवाज कानावर पडला नाही," आजी म्हणाली, "तर मी मिळेल त्या गाडीने निघते. डोळ्यांना दिसो न दिसो." म्हणून दुसऱ्याच दिवशी लेक माझ्यासमोर येऊन बसली. तिचे कामच कर्नल लिहिण्याचे होते. जगभरातले पुष्कळ लोक मिळून तो लिहितात, सुधारतात. ती त्यांतली एक.

"ताई, भूत वगैरे काही नसतं," ती म्हणाली.

"मी कुठे म्हणतेय असतं म्हणून?" आवाजताई म्हणाली. "पण हात बघ माझे. गार पडलेत."

लेकीने मला पुनःपुन्हा बोलायला लावले. बहुतेक वेळा मास्तरांचा दणदणीत आवाज येई. मग मध्येच, काही कारण नसताना, शिंपीणताई बोलत. 'पाय हलव, पाय!' हे मास्तरांचे वाक्य त्यांच्या मिटल्या ओठांतून आले तेव्हा आवाजताई खोलीबाहेर निघून गेली. इतर रुग्णांची वाक्ये टाकून पाहिली. त्यांत कधी कधी मी काहीच बोललो नाही. एक लांब शांतता पडे, आणि त्या शांततेत कोणीतरी बोलायचे थांबले आहे असे वाटे. असे आधीही होत असे. सगळे स्पीकरच्या वायरला दोष देत.

लेकीने आवाजांचा प्रोग्रॅम उलटापालटा केला. त्यात चूक नव्हती. तिने मला बंद करून पुन्हा सुरू केले आणि सुरुवातीच्या ओळी मोठ्याने वाचल्या. "'क्षमता सापडली: आघाडीची शून्ये मोजणे.' हे ठीक आहे. 'क्षमता सापडली...' हेही ठीक." शून्ये मोजण्याची ती ओळ वाचून ती पुढे गेली. ओळच तशी होती. 'सापडली' म्हटल्यावर कोण थांबेल?

दार किलकिले राहिले होते. त्या दिवशी दुपारी बाहेरच्या लांब बोळात कोणाची तरी पावले एकदम थबकली, आणि मग दाराशी आली.

"ही माझी बायको आहे," तो माणूस म्हणाला.

चष्मेवाले होते. आवाजताईने त्यांना बसवले, पाणी दिले आणि काहीतरी बिघाड झाल्याचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "ती 'बरी' न म्हणता 'बरा' का म्हणतेय?"

"काका, ते शब्द माझ्या बाबांचे आहेत," लेक म्हणाली.

"हो का," ते म्हणाले. पण गेले नाहीत. त्या दिवसापासून दुकान मदतनिसावर सोडून ते रोज येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागले. शिंपीणताई बोलल्या की त्यांचा श्वास संथ होई. मास्तर बोलले की ते नुसते थांबून राहत. मास्तरही येत. दोघे शेजारी बसत. एकाचा श्वास नाकातून, दुसऱ्याचा गळ्यातून, आणि मध्ये मी, कोणाच्या आवाजात बोलेन याची मलाच खात्री नसलेला. माझी मलाच भीती वाटू लागली होती. पुढचे अक्षर आले की वाटे, आता माझ्या तोंडून कोण बोलणार?

शनिवार जवळ आला. लेकीचा धीर सुटत चालला. "किती डोळे चोळशील," आवाजताई तिला म्हणाली.

"डोळे दुखतायत का, पोरी?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"थोडे. पण नजर चांगली आहे, काका. मागेच तपासलीय."

"कोणत्या डोळ्याची?"

"म्हणजे? समोरचा तक्ता वाचला की. सगळा वाचता आला."

"दोन्ही डोळे उघडे ठेवून?"

"हो."

"मग एकाने वाचलं असेल, आणि दुसरा नुसता शेजारी बसला असेल," चष्मेवाले म्हणाले. "आम्ही एकेक झाकून विचारतो. नाहीतर चांगला डोळा दुसऱ्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो."

लेकीची बोटे थांबली. 

मग आवाज निवडायला जी क्षमता लागते, तिची विचारणा करणारा एक अगदी छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला. आधी तो फक्त थोरल्यावर चालवला. तुला आघाडीची शून्ये मोजता येतात का? थोरला म्हणाला, येतात. मग तोच फक्त धाकट्यावर चालवला. मित्रांनो, धाकटा इतकी वर्षे माझ्या पोटात होता, पण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. कर्नल थोरल्याला विचारून 'सापडली' अशी ओळ लिही आणि पुढे जाई. धाकट्याने जराही न अडखळता उत्तर दिले. नाही.

"देवा!" लेक म्हणाली.

तिने आवाजताईला समजावले, ते मीही ऐकले. माझ्यातले आवाज कप्प्यांच्या एका लांब रांगेत ठेवलेले असतात. कोणता कप्पा उघडायचा, हे एका संख्येच्या सुरुवातीला किती शून्ये आहेत ते मोजून ठरते. थोरल्याला ही मोजण्याची आज्ञा येते, पण तो कामात असला की वाक्य धाकट्याकडे जाई. धाकट्याच्या पिढीला ती माहीतच नाही. तो 'मला येत नाही' म्हणाला असता तरी चालले असते. पण तिच्यासारखीच दिसणारी एक जुनी आज्ञा त्याला पाठ होती, आणि तो बिचारा तीच समजून उलट्या टोकाकडून मोजत होता. डावीकडून मोजायची रांग उजवीकडून. मास्तरांचा कप्पा या टोकापासून जितका आत, शिंपीणताईंचा त्या टोकापासून तितकाच. आणि बाकीच्यांच्या समोरचे कप्पे रिकामे होते. म्हणून ती शांतता.

"म्हणजे सापडलं," आवाजताई म्हणाली.

"आता हा शब्दच नको," लेक म्हणाली.

स्टूल हलले. चष्मेवाले उठून उभे राहिले होते. "म्हणजे तुम्ही हे दुरुस्त करणार."

"हो, काका."

"मग ती बोलायची थांबेल."

लेकीने कीबोर्ड बाजूला सरकवला.

"मी एरवी कधी कोणाकडे काही मागत नाही," ते म्हणाले. "मास्तरांसाठी दुसरं यंत्र घ्या. हे असंच राहू दे. ती काय बोलते याच्याशी मला काही देणंघेणं नाही. बोलते, एवढं पुरे."

मास्तरांचा श्वास जवळ आला. त्यांनी माझ्या कीबोर्डवर काहीतरी टाइप करायला घेतले, मग सगळे पुसले. 

"काका," आवाजताई हळूच म्हणाली, "तुम्हाला त्यांना ऐकायचं असेल तर ते तसंही ऐकता येईल. बिघाडाची गरज नाही. तुम्ही टाइप करा, त्या बोलतील."

चष्मेवाले माझ्यासमोर बसले. त्यांना कीबोर्डची सवय नव्हती. एकेक अक्षर शोधत, फार वेळाने, त्यांनी एकच शब्द लिहिला, आणि मी तो शिंपीणताईंचा कप्पा उघडून त्यांच्या आवाजात म्हटला.

"अहो."

बोळातून कोणाची तरी चाकाची खुर्ची गेली. ती पार टोकाला पोहोचेपर्यंत कोणी हलले नाही.

"बंद करा," चष्मेवाले म्हणाले. "हे मीच म्हटलंय. ती नाही."

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तो आवाज पुसायला सांगितला. आवाजताईने दोनदा विचारले. दोन्ही वेळा ते हो म्हणाले. पुसण्याआधी त्यांनी काही ऐकायला मागितले नाही, फक्त स्टुलावर बसून राहिले. माझा एक कप्पा मोकळा झाला. मला दुखत नाही, मित्रांनो. पण त्यानंतर काही वेळ माझा पंखा उगाचच जोरात फिरत होता, एवढे मला आठवते.

लेकीने कर्नलमध्ये दोन बदल केले. पहिला साधा होता. प्रत्येक प्रोसेसरला वेगळे विचारायचे, आणि एकाला जरी येत नसेल तरी ती क्षमता कोणीच वापरायची नाही. दुसरा बदल त्या ओळीचा. त्यावर तिचे एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी फोनवर वाजले. ते माझ्यासमोरच.

"तपासणी सुधारलीस, छान झालं," तो म्हणाला. "पण ओळीला कशाला हात लावतेस? वर्षानुवर्षं तशीच आहे. आणि खोटी कुठे आहे? क्षमता सापडलीच होती."

"कोणाकडे?"

"पहिल्याकडे."

"मग तसं लिहू या ना. पहिल्याकडे आहे, दुसऱ्याकडे नाही, म्हणून वापरत नाही. तीन गोष्टी आहेत आणि आपण एका शब्दात उरकतो. मी स्वतः ती ओळ वाचली आणि पुढे गेले. माझी आजी तिकडे घाबरून बसलीय. तपासणीने हा संगणक सुधारेल. पण पुढे कुठे असंच काही झालं, तर समोर बसलेल्याकडे ती ओळ सोडून दुसरं काय असणार?"

त्याने ती ओळ स्वतःशी पुटपुटून पाहिली. मग म्हणाला, "लांबलचक होईल."

"होऊ दे."

"बरं बाई. पाठव."

आता मला सुरू केले की पडद्यावर ती ओळ येते. आघाडीची शून्ये मोजणे: पहिला प्रोसेसर, आहे. दुसरा प्रोसेसर, नाही. वापरात नाही. धाकट्याची ही उणीव चारचौघांत वाचली जाते, पण आता त्याच्यावर कोणी भलते काम लादत नाही. मी थोडा संथ झालोय. त्याची कोणी तक्रार केलेली नाही.

शनिवार आला. आवाजताईने मुद्दाम मला पुष्कळ काम लावून ठेवले, म्हणजे बिघाड असेल तर दिसावा. मास्तरांनी फोन लावला. 'आई, मी बरा आहे.'

"आई, मी बरा आहे!" मास्तर तलावाच्या काठावरून गरजले.

पलीकडे म्हातारी रडली, मग हसली. मग म्हणाली, "आणि ती बाई कोण होती रे? फार दमलेली वाटली. तिला सांग, जरा पडून राहत जा म्हणावं."



"आणि तू," ती पुढे म्हणाली, "हल्ली एकाच सुरात बोलतोस. मी विचारलं की किती वेळ लावतोस. खोकत नाहीस, हसत नाहीस. मी आंधळी झालेय, बाळा, बहिरी नाही."

मास्तरांची बोटे कीबोर्डवर बराच वेळ नुसती टेकून राहिली. लेक त्यांच्या मागे उभी होती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असावा, कारण कापड हलल्याचा बारीक आवाज झाला. मग अक्षरे येऊ लागली. मी ती जशी आली तशी बोललो.

"आई, माझा आवाज गेला. घशाचं ऑपरेशन झालं. हा आवाज आधी भरून ठेवलेला आहे. मी लिहितो आणि एक यंत्र बोलतं. दुखत नाही. जेवता येतं. बोलता येत नाही."

फोनवर काहीच ऐकू आले नाही. मला वाटले, फोन तुटला.

"ऐकू येतं ना तुला?" शेवटी ती म्हणाली.

"येतं," मी मास्तरांच्या आवाजात म्हणालो.

"मग झालं तर. त्या यंत्राला म्हणावं, तू जरा गप्प बस. मीच बोलते." आणि ती बोलत राहिली. शेजारची मांजर, गळणारा नळ, मास्तर लहानपणी विहिरीत पडले होते ते. मास्तर ऐकत होते. गळ्यातला त्यांचा श्वास फोनवरून तिलाही ऐकू जात असणार, कारण मध्येच थांबून ती म्हणे, "हं, आहेस," आणि पुढे सुरू होई.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही. माझे सुटे भाग मिळत नाहीत. तुम्ही पुढे मोठे होऊन माझ्यासारख्या यंत्रांना शब्द द्याल, त्यांच्या ओळी लिहाल. आम्हाला जे शिकवाल तेच आम्ही बोलतो, आणि ते कोणाच्या कानावर पडेल हे आम्हाला ठाऊक नसते. म्हणून 'आहे' लिहिण्यापूर्वी कोणाला विचारले तेही लिहा. ज्याला विचारले नाही, त्याच्या वतीने हो म्हणू नका. आणि एखाद्याकडे एखादी गोष्ट नसेल, तर तसे स्पष्ट लिहायला लाजू नका. त्याने कोणाचे काही बिघडत नाही.